मावशीला ३०२ मध्ये जन्मठेप झाली आहे, हायकोर्टात अपील करायचंय, मदत हवी (गोवा)

सत्तरीचा_भाचा (धागाकर्ता), रविवार रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, इथे आजवर फक्त गणपतीच्या माटोळीचे (वर टांगतात त्या फळाफुलांच्या सजावटीचे) आणि पावसाचे धागे वाचत आलो, स्वतः लिहायची पहिलीच वेळ आणि ती पण अशी. नावं गावं बदललीयेत, कोणी ओळखलंत तर कृपया इथे बोलू नका.

माझी धाकटी मावशी, आईची सख्खी बहीण. नवऱ्याचा स्वतःचा टिप्पर ट्रक होता, खाणीवर चालायचा. २०१२ ला मायनिंग बंद झालं तेव्हा बँकेचे हप्ते थकले, मग परत थोडं सुरू झालं आणि २०१८ ला जे बंद पडलं तेव्हापासून ट्रक दारातच, टायरांवर वेली चढल्या. सोरो (दारू) आधीपण होताच, नंतर सकाळपासून. मारणं पण आधीपासून होतं पण ते आम्ही सगळे "चलता है" करून बघत होतो, हे लिहिताना लाज वाटते.

चार वर्षांपूर्वी पावसात एका रात्री त्याने तिला मारलं, मग मोठ्या मुलीच्या अंगावर धावून गेला, पोरगी शेजारी पळाली. नंतर तो पडवीत झोपला. तासाभराने मावशीने कोयतीने दोन घाव घातले. पहाटेपर्यंत ती तिथेच बसून होती आणि मग जावेला जाऊन स्वतःच सांगितलं "मी मारलं त्याला".

केस सेशन्स कोर्टात चालली. आमचा वकील म्हणाला सरळ नाही म्हणायचं, बाहेरचं कोणीतरी येऊन मारून गेलं, ट्रकच्या कर्जाचे पैसे मागणारे होतेच. मारहाणीचा शब्द काढायचा नाही, तो काढला की मोटिव्ह आपणच हातात देतो. मावशी तसंच वागली. जज प्रश्न विचारतात ना शेवटी, त्या प्रत्येक प्रश्नाला "खोटं आहे" आणि "मला माहीत नाही". गेल्या महिन्यात निकाल लागला, जन्मठेप. ती पकडल्यापासून कोलवाळ जेलमध्येच आहे. दोन मुलं आमच्याकडे, मोठी यंदा दहावीला.

अपील करायला किती दिवस असतात, किती खर्च येतो आणि आता तरी खरं सांगता येतं का एवढंच विचारायचंय.

रातांबा, रविवार रात्री ११:४१

देवा सायबा. वाचून झोप उडाली. मला कायदा कळत नाही पण दिवस मोजून असतात एवढं माहीत आहे, उद्या सकाळीच कोणाला तरी गाठ.

काळा_कोट_म्हापसा, सोमवार सकाळी ७:०५

मी क्रिमिनल साइडला प्रॅक्टिस करते. तुमच्या केसचे कागद मी बघितलेले नाहीत हे लक्षात ठेवून वाचा.

जन्मठेपेवर हायकोर्टात अपील करायला निकालाच्या दिवसापासून साठ दिवस. फाशीला तीस असतात, लोक ते दोन्ही मिसळतात. निकालाची सर्टिफाइड कॉपी मिळायला जेवढे दिवस जातात ते साठातून वगळले जातात. आणि शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची एक प्रत फुकट मिळायलाच हवी, ती मावशीच्या हातात दिली गेली असणार, जेलमध्ये तिच्या सामानात असेल बघा. साठ उलटले तरी दार बंद होत नाही, उशिराची कारणं देऊन माफी मागता येते, पण त्या भरवशावर बसू नका.

खर्चाचं म्हणाल तर बाई असणं आणि कोठडीत असणं, यातलं एक जरी असलं तरी १९८७ च्या लीगल सर्व्हिसेस कायद्याखाली वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तुमची मावशी दोन्ही आहे. १५१०० हा फोन आहे, नाहीतर जेलमध्येच अर्ज करता येतो. कोणीच वकील नसला तर ती जेलरच्या हातात अपील देऊ शकते आणि जेलरला ते कोर्टात पाठवावंच लागतं. फुकटचा वकील म्हणजे वाईट असं डोक्यात असेल तर काढून टाका. पैसे घेणाऱ्याने काय केलं ते तुम्ही वर लिहिलंच आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. अपील म्हणजे केस परत पहिल्यापासून चालत नाही. मावशीला पर्वरीला हायकोर्टात उभी करून "आता सांग बाई काय झालं" असं कोणी विचारणार नाही. दोन जज बसतात, त्यांच्यासमोर खालच्या कोर्टाचे कागद असतात, साक्षी, पंचनामे, पोस्टमॉर्टेम. त्यात जे लिहिलंय त्यावरच भांडायचं. म्हणून पहिला प्रश्न माझा तुम्हाला, मारहाणीबद्दल त्या कागदांत कुठे, कोणाच्या तोंडी, एक ओळ तरी आहे का?

फोंडेकार_बासष्ट, सोमवार सकाळी ९:३०

राग येईल पण लिहितो. माणूस झोपलेला होता. झोपलेल्यावर कोयती चालवायची आणि मग बिचारी म्हणायचं? माहेर होतं, पोलीस होते, घरगुती हिंसाचाराचा डीव्ही कायदा २००६ पासून लागू आहे, काडीमोड होता. त्याची पण आई असेल ना कुठेतरी.

सत्तरीचा_भाचा, सोमवार दुपारी १:१५

@फोंडेकार काका, त्याची आई आहे. त्याच घरात. कोर्टात ती मावशीच्या विरुद्ध बोलली आणि बाहेर येऊन माझ्या आईच्या गळ्यात पडून रडली. माहेर म्हणजे आम्हीच, आमच्याकडे ती तीन वेळा आली होती आणि तिन्ही वेळा आम्हीच चतुर्थी झाली, दिवाळी झाली म्हणून परत पोचवली. तिसऱ्या वेळी बाइकवरून मीच सोडलं.

@काळा कोट मॅडम, निकालाची प्रत सापडली. सकाळपासून वाचतोय, अर्ध्या गोष्टी कळत नाहीत. मारहाण हा शब्दच नाही. एका ठिकाणी मुलीच्या साक्षीत "वडील दारू पिऊन आईशी भांडायचे" अशा अर्थाचं इंग्लिश आहे, "क्वारल". पण मी त्या दिवशी कोर्टात होतो, ती कोंकणीत म्हणाली होती "पप्पा सोरो पियेवन मम्मीक बडयतालो". बडयप म्हणजे भांडणं होतं का?

काळा_कोट_म्हापसा, सोमवार रात्री ८:५०

बडयप म्हणजे मारणं, आणि ही आपल्याकडची जुनी रड आहे. साक्षीदार कोंकणीत किंवा मराठीत बोलतो, कागदावर इंग्लिश उतरतं, मध्ये काय गळून पडतं ते कोणी बघत नाही. त्याच दिवशी वकिलाने उठून "मॅडम, मुलगी मारायचे म्हणाली" एवढं सांगितलं असतं तर दुरुस्त झालं असतं. आता तो शब्द बदलून घेणं जवळपास अशक्य. पण "दारू पिऊन भांडायचे" हे पण काही नसण्यापेक्षा खूप आहे, आणि ते सरकारी बाजूच्या साक्षीदाराच्या तोंडचं आहे.

मोटिव्हची भीती तुमच्या वकिलाला होती ती अगदीच वेडी नव्हती हे पण सांगते. तीच गोष्ट सरकारी वकिलाच्या हातात गेली की मोटिव्ह आणि आपल्या हातात राहिली की प्रोव्होकेशन, म्हणजे चिथावणी. पण जाऊ सांगतेय की हिने कबूल केलं, कोयती घरातलीच, घरात बाहेरचं कोणी आल्याची खूण नाही, अशा वेळी "मी नव्हेच" हा बचाव घेणं म्हणजे सगळं एका पत्त्यावर लावणं. आता पर्याय एकच दिसतो, ३०२ (खून) चं ३०४ (खून न ठरणारा सदोष मनुष्यवध) करून घेणं.

थोडं सोप्यात सांगते. गुन्हा जुन्या काळातला म्हणजे आयपीसीच लागणार, १ जुलै २०२४ नंतरचा नवा कायदा नाही. कलम ३०० मध्ये खून कशाला म्हणायचं ते सांगून पुढे पाच अपवाद दिलेत. पहिला अपवाद, गंभीर आणि अचानक चिथावणी. त्यात "अचानक" हा शब्द सगळ्या बायकांना नडतो, कारण मार खाणारी बाई त्या क्षणाला उलट मारत नाही, तिच्यात ताकद नसते, ती तो झोपायची वाट बघते. नानावटीच्या केसमध्ये (बायकोच्या प्रियकराला गोळी घालणारा नौदल अधिकारी) सुप्रीम कोर्टाने १९६१ ला म्हटलं की मधे तीन तास गेले, डोकं थंड व्हायला तेवढे पुरेसे होते. तुमच्याकडे एक तास आहे. पण त्याच निकालात असंही आहे की आधीच्या वागण्याने जी मनःस्थिती झाली होती ती पण विचारात घ्यावी. पुढे मद्रास हायकोर्टाने १९८९ मध्ये सुयंबुक्कनीच्या केसमध्ये "सतत चाललेली चिथावणी" हा विचार मांडला, गुवाहाटीने २०१३ ला मंजू लाकरा या बाईचं ३०२ वरून ३०४ वर आणलं, ती पण नवऱ्याचा मार खाणारीच. आणि २०२२ ला सुप्रीम कोर्टाने दौवाराम निर्मलकरमध्ये दारूड्या भावाला मारणाऱ्याला ३०४ च्या पहिल्या भागात आणलं, म्हणाले शेवटची ठिणगी एकटी बघू नका, आधीचं सगळं जमेस धरून बघा. माझ्या मते तुमच्या वकिलाने हा निकाल अपिलात पहिल्या पानावर घ्यावा.

आणि हो, खाली हा बचाव घेतला नव्हता म्हणून वर घेताच येत नाही असं नाही. कागदावर आधार असेल तर कोर्ट अपवाद लावू शकतं. आधार मात्र कागदावरच लागतो, मी परत परत तेच सांगतेय.

स्विंडनचो_पात्रांव, सोमवार रात्री १०:१०

आमच्या इकडे इंग्लंडात किरणजीत अहलुवालियाची केस खूप गाजली होती, पंजाबी बाई, दहा वर्षं मार खाल्ला, १९८९ ला झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. जन्मठेप झाली, मग साउथॉल ब्लॅक सिस्टर्स नावाच्या बायकांनी उचलून धरलं आणि १९९२ ला अपिलात खुनाची शिक्षा रद्द झाली, नंतर तिने भोगली होती तेवढ्यावरच सुटली. आणि सॅली चॅलन, २०११ ला शिक्षा, २०१९ ला सुटका. तिने तर हातोड्याने मारलं होतं. मग आपल्याकडे का नाही होत असं? इंडियात बायकांना न्यायच नाही.

काळा_कोट_म्हापसा, मंगळवार सकाळी ६:५५

होत नाही कारण त्यांच्याकडे जो दरवाजा आहे तो आपल्या भिंतीत काढलेलाच नाही. अहलुवालियाच्या अपिलात चिथावणीचा मुद्दा कोर्टाने मानला नव्हता, ती सुटली ते मानसिक अवस्थेमुळे जबाबदारी कमी होते या मुद्द्यावर. आपल्या कायद्यात असा अर्धा दरवाजा नाही. कलम ८४ आहे पण ते पूर्ण वेडेपणाचं, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच कळत नव्हतं असं दाखवावं लागतं. मावशी पहाटे जावेकडे जाऊन "मी मारलं" म्हणाली, तिला सगळं कळत होतं. म्हणून तिकडची उदाहरणं बळ द्यायला ठीक, कोर्टात उपयोग थोडा.

म्हादई_काठची, मंगळवार दुपारी ३:४०

मी हा धागा दोन दिवस वाचतेय आणि लिहू की नको करतेय. माझ्या बहिणीला तिच्या नवऱ्याने मारलं. त्याला पण ३०२, जन्मठेप, आणि त्याने पण अपील केलं. त्याचा वकील पर्वरीला उभा राहून हेच म्हणत होता, अचानक भांडण झालं, एकच वार, रागाच्या भरात, ३०४ करा. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. म्हणजे हे जे अपवाद अपवाद चाललंय ना ते दोघांनाही तेच आहेत, मारणाऱ्या नवऱ्याला पण आणि मार खाणाऱ्या बायकोला पण.

आमच्या बाजूने एक गोष्ट कामाला आली, सरकारी वकिलाने सुप्रीम कोर्टाचा २००६ चा त्रिमुख मारोती किरकन हा निकाल वाचला. बंद घरात रात्री नवरा बायको दोघंच असतील आणि बायको मेली तर काय झालं ते सांगायची जबाबदारी नवऱ्यावर येते, नुसतं माहीत नाही म्हणून चालत नाही. त्याने पण प्रत्येक प्रश्नाला "खोटं आहे" म्हटलं होतं. तुझ्या मावशीसारखंच. म्हणून सांगते, त्या "माहीत नाही"चं उत्तर तुमच्या वकिलाकडे तयार पाहिजे, कारण सरकारी वकील तेच काढणार.

तुझ्या मावशीबद्दल मला वाईट वाटतं. पण मी तारखेला त्या बाकावर परत बसेन तेव्हा तुझा धागा मला आठवेल आणि त्रास होईल एवढं खरं.

सत्तरीचा_भाचा, मंगळवार रात्री ११:५५

@म्हादई ताई, काय लिहू कळत नाही. लिहिलंत त्याबद्दल उपकार.

भिवपाची_गरज_ना, बुधवार सकाळी ८:२०

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं ना, त्यातली चार झाली, चांगल्या वागणुकीची सूट धरली की सात आठ वर्षांत बाहेर. अपिलाच्या भानगडीत कशाला पडता.

काळा_कोट_म्हापसा, बुधवार सकाळी ८:४५

नाव शोभतंय तुमचं, म्हणे घाबरायची गरज नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. चौदा वर्षं हा सरकारने सूट द्यायचा विचार करण्याआधी प्रत्यक्ष भोगायचा किमान आकडा आहे, त्यानंतर सुटतीलच असं काही नाही. ३०४ झालं तर पहिल्या भागात जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत, दुसऱ्या भागात दहापर्यंत, आणि कच्च्या कैदेची चार वर्षं वजा होतात. जन्मठेप कायम न ठेवता वर्षांत शिक्षा दिली तर मोठी पोरगी कॉलेजात असेपर्यंत आई घरी येऊ शकते, हा फरक आहे.

भाच्या, अपिलाबरोबर शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा असा अर्ज पण जोडायला सांगा. ३०२ मध्ये सरकारी वकिलाचं म्हणणं लेखी घेतल्याशिवाय कोर्ट काही करत नाही आणि सहसा नाहीच मिळत. तरी अर्ज जाऊ दे, बाई आहे, मुलं लहान आहेत.

सत्तरीचा_भाचा, पुढचा रविवार, सकाळी १०:३०

अपडेट देतो. लीगल एडमधून वकील मिळाले, वयस्कर आहेत, कमी बोलतात. काल त्यांच्याबरोबर कोलवाळला गेलो. मावशी बारीक झालीय पण तब्येत ठीक. वकिलांनी मारहाणीचं विचारलं तर पहिली दहा मिनिटं नुसती खाली बघत होती, मग म्हणाली "आता सांगून काय, तो गेला ना". मग मला विचारते, "त्याचा म्हाळ घातला काय रे कोणी?" मी सांगितलं, श्राद्ध दिराने घातलं. तेव्हा कुठे बोलायला लागली.

आणखी एक, दीर म्हणतोय मुलांनी घरावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करावी, आईने खून केला म्हणून. करायची का?

काळा_कोट_म्हापसा, रविवार सकाळी ११:०२

अजिबात नाही!! मुलं अल्पवयीन आहेत, त्यांची सही चालतच नाही आणि तुमच्या आईने पण कुठे अंगठा उठवू नये. आपल्याकडे गोव्यात वेगळा करार नसेल तर लग्न झालं की नवऱ्याच्या वाट्याला जे असेल त्याचं अर्धं बायकोचंच असतं, ते वारसाने मिळत नाही, मुळातच तिचं असतं. उरलेल्या अर्ध्याला मुलं वारस आहेत. दिराला सांगा वकिलामार्फत नोटीस पाठव.

सत्तरीचा_भाचा, रविवार दुपारी १२:३०

बरं. अजून एक सापडलं. आईच्या ट्रंकेत बांबोळीच्या जीएमसीचे (सरकारी हॉस्पिटलचे) तीन केस पेपर होते, २०१६, २०१९ आणि २०२० चे. मावशीने आईकडे ठेवायला दिले होते म्हणे, आई विसरून गेली की मुद्दाम विसरली देव जाणे. मी आनंदाने वकिलांना फोन केला, पण नीट वाचलं तर तिन्हींवर "न्हाणीत पडली" असंच लिहिलंय. तिनेच तसं सांगितलं असणार. म्हणजे हे कागद पण आमच्या विरुद्धच ना?

[फोटो]

ॲडमिन, रविवार दुपारी १२:३८

फोटोत पेशंटचं नाव आणि नंबर दिसत होता म्हणून फोटो काढला आहे. झाकून परत टाकावा.

सिस्टर_आक्का, रविवार दुपारी २:१०

ॲडमिनने काढायच्या आधी मी बघितला. चौतीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलीत बाबा, डॉक्टरांचं अक्षर मला माझ्या सुनेच्या अक्षरापेक्षा बरं लागतं.

न्हाणीत पडली हे पेशंट सांगते म्हणून लिहिलंय, शब्द नीट बघ, "पडल्याचे सांगते" असा अर्थ होतो त्याचा. डॉक्टरने स्वतः काय बघितलं ते खाली आहे. २०१९ च्या कागदावर डाव्या दंडाचं चित्र काढलंय ते बघितलंस? दंडाच्या आतल्या बाजूला चार छोटे गोल आणि बाहेर एक. न्हाणीत पडलं की कोपर फुटतं, गुडघा फुटतो, ढोपराला खरचटतं. दंडाच्या आत चार गोल म्हणजे कोणीतरी धरलेली बोटं. आम्ही बघायचो आणि बँडेज बांधून पाठवून द्यायचो, पेशंटच नाही म्हणतेय तर आम्ही काय करणार असं तेव्हा वाटायचं.

आणि सगळ्यात वर कोपऱ्यात, पेशंटला कोणी आणलं ते लिहितात, तिथे तिन्ही कागदांवर एकच शब्द आहे. "हजबंड". तो शेजारी उभा असताना ती दुसरं काय सांगणार होती?

काळा_कोट_म्हापसा, रविवार दुपारी २:४५

आक्का 🙏

भाच्या, हे कागद खालच्या कोर्टात आलेच नाहीत म्हणजे ते आपोआप वाचले जाणार नाहीत. पण अपिलात जादा पुरावा घ्यायचा अधिकार हायकोर्टाला आहे, जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात) कलम ३९१, नव्यात ४३२. वेगळा अर्ज करावा लागतो आणि खाली का दाखवले नाहीत ते सांगावं लागतं. तुमच्या आईला ॲफिडेव्हिट द्यावं लागेल, ट्रंक, विसरणं, सगळं. त्यांना जड जाईल. कोर्ट घेईलच असं नाही, एवढी वर्षं कुठे होतात असं विचारू शकतं. तरी मी असते तर केला असता. जीएमसीच्या रेकॉर्ड सेक्शनला मूळ नोंदींसाठी आजच अर्ज टाका, झेरॉक्सवर भांडू नका.

फोंडेकार_बासष्ट, रविवार संध्याकाळी ६:२०

पहिल्या दिवशी लिहिलं ते मी मागे घेत नाही, माणूस झोपलेला होता. पण जीएमसीत माझा भाचा कामाला आहे, रेकॉर्डचं काही अडलं तर मेसेज कर.

सत्तरीचा_भाचा, तीन आठवड्यांनी, रात्री ९:१५

अपील दाखल झालं, साठ दिवसांच्या आत. जादा पुराव्याचा अर्ज पण. आईने ॲफिडेव्हिटवर सही केली, त्या दिवशी जेवली नाही. हायकोर्टाच्या रजिस्ट्रीने (कागद तपासणाऱ्या कचेरीने) दोन ऑब्जेक्शन काढलीत, एक कोर्ट फीच्या स्टॅम्पचं, ते झालं. दुसरं म्हणजे हाताने लिहिलेले केस पेपर वाचता येत नाहीत, टाइप करून जोडा.

म्हणून आता टाइप करायला बसलोय. @सिस्टर आक्का, नाव झाकून फोटो परत टाकतो. २०२० च्या कागदावर शेवटून दुसऱ्या ओळीत "पेशंट" नंतरचा शब्द लागत नाही, बघता का?

सिस्टर_आक्का, रात्री ९:४०

"रडत आहे". पुढे "विचारले असता उत्तर देत नाही". पूर्णविराम तिथे आहे, पुढची डॉक्टरची सही आहे, ती टाइप करू नको.